डब्याच्या आतलं तुमचं, पडद्यावरचं माझं

अहो, झाकण बसलं. आपल्या चपट्या कॉम्प्युटरचं. किती वर्षं तो बिचारा उघड्या अंगानं बसलेला होता. त्याला झाकण असतं हेच मी विसरून गेल्ते. तुम्ही ते कपाटावर, क्यामेऱ्याच्या जुन्या बॅगांच्या मागं टाकून दिलं होतं. ते खाली काढलं, धूळ पुसली, मागून पुढं सरकवलं, आन् बसलं की बराबर. मी बराच वेळ त्याच्यावर हात ठेवून उभी होते. हे ज्याला सांगायचं तो माणूसच घरात न्हाई, हे मला हात काढताना उमजलं.

लोकं येऊन जाऊन तुमच्याबद्दल काय काय बोलून राह्यले. गुणी होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सगळेच म्हणतेत. म्हणू द्या. गेलेल्या माणसाला गुणी म्हणायला काय लागतंय? मला मात्र तुमच्याशी भांडायचंय, आन् ते काम दुसऱ्या कुणाला जमणारं न्हाई. आपली दोन भांडणं अर्धीच राहिली. एक कार्डाचं, एक पाठवणीचं. तुम्ही मधूनच उठून गेले. तुमची ती सवयच होती म्हणा, मी बोलायला लागले की चपला घालायच्या.

पण भांडणाच्या आधी एक गोष्ट सांगते. परतूरचं लग्न तुम्ही शूट करून आणलं आन् त्याच आठवड्यात तुम्ही गेले. त्या लग्नाच्या क्यासेटी टेबलाच्या खणात तशाच पडून होत्या. तेरावं होईपर्यंत मी खण उघडला न्हाई. मंग एका सकाळी गुड्डीची वेणी घालता घालता तिला विचारलं, पप्पा तुला हाक कशी मारायचे गं? तिनं लई विचार केला. मंग हाक मारून दाखवली, ती माझ्याच आवाजात. तुमचा आवाज तिच्यातून निघूनच गेल्ता. चार वर्षांचं लेकरू, त्याचा काय दोष? पण माझ्या हातातून कंगवा पडला.

जगाची लग्नं आपण सी.डी.त घालून दिली. आन् तुमचा आवाज आपल्या घरात कुठंच न्हाई, हे मला तेव्हा कळलं. क्यामेरा कायम तुमच्या हातात, म्हणजे तुम्ही चित्रात न्हाई. आन् आवाज म्हणाल तर तो मीच पुसायची. लग्न कॉम्प्युटरात उतरवायच्या आधी पडद्यावर आवाजाच्या चौकटीतली खूण काढून टाकायची, हे माझं पहिलं काम. लग्नातला आवाज कुणाला पाहिजे असतो? बॅन्ड, भोंगा, आहेराची नावं पुकारणारा तो मामा. सगळं बंद करायचं आन् वरून गाणी टाकायची. जालन्यातले सगळे मिक्सिंगवाले असंच करतेत. मंग क्यासेटी धुवून, म्हणजे कोऱ्या करून, पुढच्या लग्नाला. म्हणजे तुमचा आवाज कुठं उरलाच असंल, तर तो त्या खणात. परतूरच्या लग्नात.

म्हणून मी ठरवलं, हे एक लग्न आवाजासकट उतरवायचं. तुम्ही त्यात एकदा तरी बोलले असाल. गुड्डीसाठी तेवढं काढून ठेवायचं. तुम्ही म्हणाल, गुड्डीसाठी का तुझ्यासाठी? माझ्यासाठी बी. झालं समाधान?

आन् नेमकं तेव्हाच तुमच्या कार्डानं दगा दिला.

आता कार्डाचं भांडण घ्या. औरंगाबादला कुठल्या तरी हापिसातून काढून टाकलेला हा कॉम्प्युटर तुम्ही मोटरसायकलला मागं बांधून आणला, तेव्हा गुड्डी पोटात होती. पाटासारखा चपटा. मी म्हणलं, हा काय जेवायला बसायचा पाट आणला का? तुम्ही म्हणले, "बॅगंत मावतो. गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन दाखवता येतंय." जालन्यात मस्तगडच्या ह्या एका खोलीत आपला संसार आन् आपलं दुकान, दोन्ही. पलंगाच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर पाट, पाटाशेजारी मॉनिटर. तुम्ही लग्नं शूट करून आणायची, मी मिक्सिंग करायचं, नावं टाकायची, नवरानवरीच्या भोवती गुलाब उमलवायचे. मी क्लास केलेला होता. तुम्हाला माउस धरला की घाम फुटायचा. पण पेचकस धरला की तुम्ही वेगळेच माणूस. मंग आपली वाटणी ठरली. डब्याच्या आतलं तुमचं, पडद्यावरचं माझं. मी पेचाला हात लावायचा न्हाई, तुम्ही मिक्सिंगमधी बोलायचं न्हाई.

पण त्या पाटाच्या पोटात दम नव्हता. गुलाब अर्धा उमलायचा आन् थांबायचा. नवरीनं हार घालायला हात वर केले की ते वरच. मी चहा करून यायचे तरी वरच. शेजारच्या गल्लीतल्या मिक्सिंगवाल्याकडं चित्रं कशी सरसर फिरायची, आन् आपल्याकडं नवरी ताटकळलेली. तुम्ही चौकशी करून आले आन् म्हणले, "ह्याला चित्राचं वेगळं कार्ड पाहिजे. ग्राफिक कार्ड म्हणतेत. आत त्याची खाच हाये, मोकळीच पडलीय."

आन् मंग तुम्ही काय केलं? खाचंचं माप घेतलं. कशानं? माझ्या शिवणाच्या दोऱ्यानं. बांगडीचं माप कासाराकडं नेतेत तसा तो दोरा खिशात घालून औरंगाबादला गेले. दुकानदारानं बी दोरा लावून बराबर तेवढ्या लांबीचं कार्ड काढून दिलं. धन्य तो आन् धन्य तुम्ही. लांबी एकदम बराबर. उंचीचा दोरा कुणी घ्यायचा होता? घरी येऊन खाचंत उभं केलं, तर कार्ड झाकणाच्या दोन बोटं वर.

मी हसले. पोटात दुखेपर्यंत हसले. तुम्ही हसले न्हाई. फोडलेला खोका दुकानदार परत घेणार न्हाई हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गपचूप कार्डाची पत्र्याची पट्टी काढली, कार्ड तसंच खाचंत उभं केलं, पडू नये म्हणून बाजूला घडी करून लग्नाची पत्रिका ठोसली, आन् झाकण कपाटावर फेकून दिलं. गुलाब मात्र पुरा उमलला. ते बघून तुम्ही माझ्याकडं असं बघितलं की मी कॉम्प्युटरच्या उघड्या पोटावरून काही बोललेच न्हाई. त्या दिवशी न्हाई बोलले. दुसऱ्या दिवसापासून बोलले.

कसं बोलणार न्हाई? गुड्डी पळाली की चित्र हालायचं. उन्हाळ्यात कारखान्यांची काळी धूळ यायची, ती त्याच्या आत. मी माझी जुनी ओढणी वरून टाकायची, तर तुम्ही म्हणायचे, त्याचा जीव गुदमरंल. एकदा पालीनं आत अंडं घातलं. कार्डाचा तो बारका पंखा तर अशी घरघर करायचा की शेजारीण विचारायची, पिठाची चक्की टाकली का? मी म्हणायची, अहो, एक उभा, मोठा डबा घ्या आन् ह्याला सोडा. तुम्ही म्हणायचे, "ह्याच्यासाठी बुटकं कार्ड येतंय. मिळंल." पुढच्या वर्षी परत तेच. "मिळंल." मला त्या शब्दाचा असा राग यायचा. ज्या माणसाला एक डबा सोडवत न्हाई, तो काय धंदा वाढवणार, असं मी तुमच्या तोंडावर बोलले. तुम्ही चपला घातल्या.

तर परवा मी कॉम्प्युटर चालू केला, परतूरचं लग्न उतरवायला, आन् पडद्यावर नुसत्या रंगीत रेघा. पंखा फिरतच नव्हता. बोटानं फिरवून बघितला, जाम. मला वाटलं, झालं, तुमच्या मागं हा बी गेला. नवरीचे वडील फोन करून राह्यले, सी.डी. कधी, पाहुणे विचारतेत. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं तर तो येऊन त्या उघड्या पोटाला हसणार, दोऱ्याची गोष्ट विचारणार. मला ते नको होतं. त्याला हसायचा हक्क माझ्या एकटीचा.

तुमच्या अवजाराच्या पेटीत पेचकस शोधत होते. सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळलेलं, एक खोकं. आत चंदेरी पिशवी. पिशवीत कार्ड. बुटकं.

कधी आणलं होतं हे? मला बोलले का न्हाई? हातात घेऊन बघितलं, तर त्याची मोठी पट्टी काढून छोटी पट्टी तुम्ही आधीच बसवून ठेवलेली. पेच हालू नयेत म्हणून त्यांच्यावर नेलपॉलिशचा थेंब. माझंच, लाल. म्हणजे घरात बसून केलं होतं. मी भाजी आणायला गेले असंन, तेवढ्यात. नुसतं खाचंत दाबायचं बाकी होतं. काहून थांबले तुम्ही? मला दाखवून दाबायचं होतं का? दिवाळीची वाट बघत होते का? तुमचं हे असंच. चांगली गोष्ट केली की लपवून ठेवायची आन् शिव्या मात्र समोरून खायच्या.

वाटणी मोडली मी. डब्याच्या आत हात घातला. वायरी काढल्या, पत्रिका काढली. कुणाच्या लग्नाची होती ते बी वाचता येईना, सगळी काळी झालेली. जुनं कार्ड ओढलं, ते निघंना. घाम फुटला. खाचंच्या टोकाला एक आकडी असते, ती दाबल्याशिवाय सोडत न्हाई, हे तुमच्याकडं बघून बघून कधी तरी डोक्यात बसलेलं. दाबली, सुटलं. नवं ठेवलं, अंगठ्यानं दोन्हीकडून दाबलं. टक् झालं. तो आवाज मला फार बरा वाटला. मागं पट्टीचा पेच आवळला, झाकण सरकवलं.

चालू केलं तर पडदा काळा. गडद काळा. मी टेबलाला धरून तुम्हाला शिव्या दिल्या. परत दोऱ्यानं आणलं का काय हे, म्हणलं. मंग बघितलं तर मॉनिटरची वायर मीच डब्याच्या मूळच्या, कार्ड येण्याआधीच्या जागी लावलेली. ती काढून नव्या कार्डाला लावली. आलं चित्र. असं स्वच्छ की मला आधी ओळखूच येईना, हा आपलाच मॉनिटर का. आन् खोलीत आवाज न्हाई. चक्की बंद. इतकी शांतता ह्या खोलीत मी ते उंच कार्ड आल्यापासून ऐकली न्हाई. भांडण तुम्ही जिंकले. बुटकं कार्ड मिळालं. मी हरले म्हणून कबूल करते, आता तरी या.

मंग लग्न उतरवलं. आवाजाची खूण पहिल्यांदाच तशीच ठेवली. आन् ऐकत बसले. हळद ऐकली, देवक ऐकलं, वरात ऐकली. तुमचा आवाज न्हाई. क्यामेरा धरला की तुम्ही हातानंच बोलायचे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सरका म्हणायचं तर हात, हसा म्हणायचं तर हात. वरून भोंगा. मंगलाष्टकं झाली, आहेर झाले, भावकीतले सगळे येऊन गेले. पंगती उठल्या. मी एक एक क्यासेट संपवत गेले आन् माझा धीर सुटत गेला. शेवटची क्यासेट राहिली. तिच्यात पाठवणी.

आता दुसरं भांडण. तुमच्या पाठवण्या. सगळ्या लग्नाचा जीव पाठवणीत असतो, लोकं बघतेत तर तेच बघतेत. आन् तुम्ही प्रत्येक लग्नात नेमकं तिथं काय आणून द्यायचे? जमीन. नवरी जीपकडं निघाली, माय गळ्यात पडली, की चित्र खाली. अक्षता, चपला, साडीचे काठ, धूळ. मी म्हणायची, अहो, तुम्ही काय चपलांचं लग्न लावून राह्यले का? तुम्ही म्हणायचे, "हात हालला." दर वेळेला तेच. पहिल्या वर्षी मी मानलं. मंग म्हणलं, मांडवात हालत न्हाई, पंगतीत हालत न्हाई, पाठवणीतच बरा हालतो. मी ते सगळे तुकडे कापून टाकायची, इकडून तिकडून नवरीचे जुने फोटो घालायची, वरून रडकं गाणं. लोकं म्हणायचे, बिदाई थोडी कमी वाटती. मला लाज वाटायची. तुमच्या हातात काही तरी दोष आहे, डॉक्टरला दाखवा, इथपर्यंत मी गेल्ते.

परतूरची नवरी निघाली. माय तिला सोडंना. बायांनी सोडवलं, जीपचं दार लागलं, जीप हालली, आन् चित्र खाली. अक्षता, चपला, हिरव्या साडीचा काठ. मी म्हणलं, आला तुमचा 'हात हालला'. तेवढ्यात बॅन्ड थांबला. आन् तुम्ही बोलले.

"काकू, ह्या बाजूला या. क्यामेरा खाली घेतलाय म्या. घ्या रडून."

अहो, माझं काय झालं असंल ते मी कसं सांगू? तुम्ही खोलीत होते. दाराशी उभं राहून बोलावं तसे.

नवरीची माय म्हणली, "चालू हाये की त्यो. दिवा दिसतोय लाल."

"चालू असला तरी जमीन दिसतीय, काकू. बंद केला तर लोकं इचारतेत, बंद काहून केला म्हनून. तुम्ही घ्या रडून निवांत."

मंग ती बाई रडली. आन् रडता रडता बोलली. लेकीबद्दल बोलली, स्वतःबद्दल बोलली. काय बोलली ते मी इथं बी सांगणार न्हाई. तुम्ही ऐकलं, मी ऐकलं, बस. तिच्या घरच्यांनी ऐकावं असं ते नव्हतं, लेकीच्या सासरच्यांनी तर न्हाईच न्हाई. बोलून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली. "हे आलं का त्याच्यात? ऐकतील का हे?"

"कुणी ऐकत न्हाई. आमच्या घरची हे समदं काढून टाकती. ती आवाज आधीच बंद करती, तिला सुदिक ऐकू जात न्हाई. माझा शब्द हाये, काकू."

एवढी वर्षं. एवढ्या पाठवण्या. एवढ्या पोरींच्या आया तुमच्यापाशी रडून गेल्या आन् मला चपला दिसल्या. तुम्ही शब्द द्यायचे तो माझ्या जिवावर. मी कापणार, मी आवाज बंद करणार, ह्या भरवशावर. आन् घरी येऊन म्हणायचे, हात हालला. मला सांगितलं असतं तर मी काय गावभर केलं असतं का? न्हाई सांगितलं. त्यांना दिलेला शब्द तुम्ही मला बी न्हाई सांगितला. राग आला मला. आन् त्या रागात मी तुमच्यावर जेवढी माया केली तेवढी जिवंतपणी कधी केली न्हाई.

त्याच्या पुढं आणखी होतं. बाईनं नाक ओढलं आन् विचारलं, "तुमची मालकीण कुठली?"

"परतूरचीच की. ती बी लई रडली व्हती येताना. पार जालन्यापत्तर. आता मला रडवती."

बाई हसली. रडक्या आवाजात हसली. "सुखात हाये का?"

तुम्ही थांबले. एवढं थांबले की मला वाटलं क्यासेट संपली. मंग म्हणले, "इचारलं न्हाई कधी. आज जाऊन इचारतो."

आन् तुम्ही विचारलं होतं. मला आठवतंय ना. परतूरहून आले, तोंडावर पाणी मारलं, दारात बसले. मी भाकरी थापत होते. तुम्ही म्हणले, "बरं चाललंय ना तुझं?" असलं तुम्ही कधी बोलत न्हाई. मी वळून बघितलं आन् म्हणलं, काहून? क्यामेरा पाडला का कुठं? तुम्ही म्हणले, न्हाई, सहज. मी म्हणलं, मंग भाकर खा. तेवढ्यावर ते संपलं.

मी ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. गुड्डी बाहेर खेळून राहिली होती, तिला हाक मारली. ती पळत आली, काय म्हणली. माझा हात माउसवर होता. तुमच्या प्रत्येक शब्दाच्या खाली त्या बाईचं रडणं चालू होतं. तुमचं तेवढं बाजूला काढावं म्हणून मी लई खटपट केलेली, पण ते एकातच विणलेलं, तुमच्या बोलण्यासंगं तिचा हुंदका येतच होता. लेकरू विचारणार, मम्मी ही कोण रडतीय? आन् दहा ठिकाणी सांगणार. मी म्हणलं, काही न्हाई गं, जा खेळ. ती गेली. ती दारातून बाहेर जाईपर्यंत मी स्वतःला धरून ठेवलं.

एकदा वाटलं, कुणाला काय कळतंय? कुठं तरी आत, दुसरंच नाव देऊन ठेवून द्यावं. परतूरची बाई काय बघायला येते का? पण ठेवलेली वस्तू कधी तरी कुणाच्या तरी हाती लागतेच. आन् तुम्ही म्हणले होते, समदं काढून टाकती. थोडं ठेवून बाकीचं काढती, असं न्हाई म्हणले.

नवरीचे वडील स्वतः सी.डी. न्यायला आले. भला माणूस, तुमच्याबद्दल हळहळला. मंग म्हणला, "ताई, बिदाई चांगली टाकली ना? आमच्या घरच्या लई रडल्या तव्हा. पाहुन्यांना दाखवायचंय."

मी म्हणलं, "न्हाई हो. तिथं ह्यांचा हात हालला."

तो सी.डी. घेऊन गेला. मी ते आधीच कापलेलं होतं. अक्षता, चपला, हिरवा काठ, तिचं रडणं, तुमचं बोलणं. नव्या कार्डावर काम असं झरझर झालं की मला थांबायला बी सवड मिळाली न्हाई. सांधा बराबर बसलाय, तुम्हीच बघितलं असतं तरी कुठं कापलं ते कळलं नसतं.

कॉम्प्युटरातून गेलं, पण क्यासेटीत होतंच. उद्या बदनापूरला लग्न आहे. तुम्ही घेतलेलं काम. मी त्यांना फोन करून सांगितलं, ते न्हाईत आता, आन् मी अशी, मांडवात असली बाई नको म्हणत असाल तर दुसरं कुणी बघा. ते म्हणले, ताई, तुम्हीच या. म्हणून क्यामेरा मी घेऊन जाणार आहे. क्यासेटी लागतेत. दोन धुवून झाल्या, ही तिसरी, पाठवणीची. लेन्सची टोपी लावायची, क्यामेरा टेबलावर ठेवायचा आन् चालू करून द्यायचा. पुरी क्यासेट काळी होईपर्यंत जुनं सगळं निघून जातं. तुम्ही हे करायचे तेव्हा मला आन् गुड्डीला बाहेर घालवायचे, उगा आवाज नको म्हणून.

आज गुड्डीला शेजारी पाठवलं. मी न्हाई गेले. टोपी लावली, लाल दिवा लागला, आन् खुर्ची ओढून मी क्यामेऱ्याच्या समोर बसले. मघापासून हे सगळं मी त्याच क्यासेटीवर बोलून राह्यले. उद्या ह्याच्यावर बदनापूरचा बॅन्ड बसंल आन् माझं बोलणं बी निघून जाईल. जाऊ द्या. पण आत्ता, तुमच्या आवाजावर दुसऱ्या कुणाचा न बसता माझा बसावा, एवढंच मला वाटलं.

आकडे पुढं सरकून राह्यले. शेवटाकडं आली क्यासेट. जीप गेली असंल. बॅन्ड थांबला असंल. हिरव्या साडीवाली तुमच्या बाजूला येऊन उभी राहिली असंल. इथं ती बोलली, ते मी झाकलं. इथं तुम्ही शब्द दिला, ते बी झाकलं. इथं ती हसली. आता ती विचारणार, आन् तुम्ही थांबणार, आन् म्हणणार की आज जाऊन इचारतो.

सुखात होते मी, अहो. लई सुखात होते.